टाकलं की हरवलं?

विघ्नांचे हरण करणाऱ्या गजाननास, साऱ्या जलांचा अधिपती जो वरुण त्यास, आणि घराघरांतून मूठभर तांदळांच्या वाटीत बसून विश्वाला जेवू घालणाऱ्या अन्नपूर्णेस प्रथम वंदन करतो. आज चारकोपला आमच्या नातीच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. पौरोहित्य मीच केले. देवघरात देव मांडताना नातीने अंगठ्याएवढी पितळी अन्नपूर्णा तळहातावर घेतली, तिच्या कानामागचा हिरवा डाग मला दाखवला आणि विचारले, "आजोबा, चिंचेनं घासला तर जाईल ना हा?"

तिची आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, "हात तर लावून बघ. तो डाग पाणबुड्यांचा आहे."

नातजावई हसले, परंतु त्यांना काही उमगले नव्हते. जेवणे आटोपल्यावर मी त्यांना ही हकिकत सांगितली, आणि घरी परतल्यावर विस्मरणाने तिचा एखादा कोपरा खाऊन टाकण्याआधी ती लिहून ठेवीत आहे.

पाणबुडे हे त्यांचे आडनाव नव्हे. खरे नाव मला ठाऊक आहे. परंतु खाणीवर येणाऱ्या एकाही माणसाने ते कधी उच्चारले नाही, म्हणून मीही येथे लिहीत नाही. मुलुंडला आमच्या वसाहतीच्या पाठीमागे, डोंगराच्या पायथ्याशी एक जुनी दगडखाण आहे. खडी काढण्याचे काम फार वर्षांपूर्वी थांबले. मग तळाशी झरे लागले, पावसाने आपली भर घातली, आणि जेथे सुरुंग उडत असत तेथे चाळीस फूट खोल गोडे पाणी स्थिरावले. त्या पाण्यात हे गृहस्थ आठवड्यातील चार सकाळी पाठीवर हवेची टाकी बांधून उतरत आणि तासाभराने, भाजी घेऊन यावे तितक्या सहजपणे, वर येत.

शाळेतील संस्कृतच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर मी रोज सकाळी खाणीच्या दगडी पायऱ्यांवर संध्या करू लागलो होतो. एके दिवशी सूर्यास तिसरे अर्घ्य देत असता समोर बुडबुडे उठू लागले. मी मंत्र थांबवला नाही. आवाज मात्र किंचित वाढवला. बुडबुडे जवळ आले, आणि काळ्या कातडीचे, काचेच्या एकाच मोठ्या डोळ्याचे एक मस्तक माझ्या ओंजळीखाली प्रकट झाले. इतक्या वर्षांच्या नित्यकर्मात आजवर कोणी असे प्रकट झाले नव्हते. माझे हात आपोआप जोडले गेले. त्या मस्तकाने तोंडातील नळी काढली आणि म्हटले, "गुरुजी, जरा बाजूला सरका ना. तुमचं पाणी डायरेक्ट डोक्यात पडतंय."

मी म्हटले, "आपण पाण्यातच आहात."

"ते खालचं पाणी. वरून पडलेलं वेगळं लागतं," असे म्हणून ते पायऱ्या पाठमोरे चढू लागले, कारण पायांत रबराची लांब पाती होती आणि ती घालून सरळ चालता येत नाही. माझ्या आयुष्यात इतक्या विनयाने पाठ फिरवून कोणी माझ्याकडे आलेले नाही.

ते मूळचे मराठवाड्यातील. गावात पाणी टँकरने येई. "आमच्याकडं पाणी म्हंजे घागरीत मावंल तेवढंच," ते सांगत. विसाव्या वर्षी मुंबईस आले, प्रथमच बंदर पाहिले आणि शेजारच्या हमालाला विचारले, "एवढं सगळं कुणाचं हाय?" कोणाचेच नाही, असे उत्तर मिळाल्यावर ते तेथेच नोकरीस राहिले. पुढे तीस वर्षे त्यांनी जहाजांचे तळ खरवडले आणि तुटलेले नांगर शोधले. निवृत्त झाले तेव्हा राहत होते चेंबूरला, टाक्या भरून आणत मरोळच्या औद्योगिक वसाहतीतील एका स्नेह्याच्या गाळ्यातून, आणि बुडत मुलुंडला. रविवारी काही हौशी मंडळी त्यांच्याकडे ही विद्या शिकावयास येत. त्यांच्यापैकी कोणी टाकीला 'ऑक्सिजनचा सिलिंडर' म्हटले की त्यांचा संयम सुटे. "ऑक्सिजन नाय ओ. हवा हाय, हवा. तुम्ही आत्ता घेताय तीच. फक्त मरोळची."

पाण्याचा पेला ते दोन्ही हातांनी धरून प्राशन करीत आणि शेवटचा थेंबही मागे ठेवीत नसत. आमच्या घरी एकदा सत्यनारायणास आले असता, पाहुण्यांनी अर्धे टाकलेले चौदा पेले त्यांनी उचलले आणि सारे पाणी निमूटपणे तुळशीस घातले. मग ज्यांचे ज्यांचे पेले होते त्यांच्याकडे एकवार पाहिले. त्या दिवशी प्रसाद घेताना कोणी दुसऱ्यांदा पाणी मागितले नाही.

पाण्याखाली बोलता येत नसल्यामुळे त्यांचे सारे व्यवहार हाताच्या खुणांनी चालत, आणि ती सवय जमिनीवरही सुटली नव्हती. अंगठा व तर्जनी जुळवून वर्तुळ केले म्हणजे ठीक. पंजा आडवा हलवला म्हणजे काहीतरी बिघडले आहे. अंगठा वर केला म्हणजे मात्र 'वर चला'. त्या खुणेचा दुसरा अर्थ त्यांना मान्य नव्हता. आमच्या सोसायटीने एकदा त्यांचे भाषण ठेवले होते. ते रंगात आले असता अध्यक्षांनी पहिल्या रांगेतून कौतुकाने अंगठा दाखवला. पाणबुडे वाक्य अर्धवट सोडून व्यासपीठावरून उतरले आणि थेट गच्चीवर गेले. अध्यक्षांना त्यांची समजूत घालण्यासाठी चार जिने चढावे लागले.

त्यांच्याजवळ एक वही होती. तीत खाणीच्या तळाचा नकाशा त्यांनी स्वहस्ते काढलेला होता, आणि त्यास ते 'खालचा पत्ता' म्हणत. पूर्वेच्या भिंतीपाशी एक रिक्षा, तिच्या पुढे कपडे धुण्याचे यंत्र, मग उघडी आणि रिकामी तिजोरी, आणि मधल्या सखल भागात भक्तांनी विसर्जित केलेल्या मूर्ती. कोणाची एखादी वस्तू पाण्यात गेली की लोक त्यांच्याकडे येत. ते प्रथम एकच प्रश्न विचारीत: "टाकलं की हरवलं?"

हरवलेले असेल तर तत्काळ उतरत. एका वृद्ध गृहस्थांची कवळी पायरीवर हसता हसता पाण्यात पडली, तेव्हा त्यांनी तीन वेळा बुडी मारून ती आणली आणि स्वच्छ धुऊन, "हसा आता," म्हणून हातावर ठेवली. मात्र एका दुकानदाराने मुलाशी बोलता बोलता संतापाने मोबाईल खाणीत भिरकावला होता; तो दुसऱ्या दिवशी आला तर त्यास त्यांनी साफ नकार दिला. "टाकलेलं मी काढत नाय. पडला आहे रिक्षाच्या शेजारी. मुलाला जाऊन भेटा, त्याला फोन लागत नाही."

मूर्तींच्या भागावरून जाताना ते पाय आखडून घेत असत, हे मला त्यांच्या एका शिष्याने सांगितले. मला ते नवल वाटले. त्यांच्या घरी भिंतीवर बुद्धांची तसबीर होती, रोज पहाटे श्वासाकडे लक्ष देऊन ते ध्यानास बसत, आणि 'मी देव मानत नाही' हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला सांगून टाकले होते. मी विचारले तेव्हा म्हणाले, "देवाचा प्रश्न नाय, गुरुजी. कुणीतरी त्यांना निरोप दिलाय ना? निरोप दिलेल्याला लाथ लावू नये, आणि परत हाकही मारू नये."

अशा या मनुष्याने एका उन्हाळ्यात मला पाण्याखाली श्वास घेण्यास शिकवण्याचा घाट घातला. मी तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती. परंतु वरुणाच्या स्तुतीत ज्याचे अर्धे आयुष्य गेले त्याने त्याचे घर एकदा आतून पाहावे, असा मोह मलाही झाला. कमरेइतक्याच पाण्यात बसावयाचे होते. रबरी पोशाखात शिरण्यास मला पाऊण तास आणि साबणाच्या पाण्याची एक बादली लागली. मग त्यांनी डोळ्यांवर लावावयाचा काचेचा मुखवटा माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "थुंका."

"कोठे?"

"काचेवर. आतून. मग खळखळवायचं. नाहीतर वाफ धरते, काय दिसत नाय."

मी त्यांना शांतपणे समजावून सांगितले की, जेथे मी अर्घ्य देतो त्या जलात प्रवेश करताना उच्छिष्ट मुखाशी धरणे मला शक्य नाही. पर्याय म्हणून मी काच तुळशीच्या पाण्याने धुतली. त्यांनी फक्त पंजा आडवा हलवला. पाण्यात बसलो आणि दहा अंक मोजण्याच्या आत काच दुधासारखी पांढरी झाली. वरुणाचे घर मी पाहिले ते इतकेच.

त्याहून मोठा प्रमाद पुढे घडला. प्राणायामाच्या सवयीने मी श्वास आत घेऊन धरला. तत्क्षणी माझ्या पोटात त्यांचा कोपर बसला आणि मला वर ओढण्यात आले.

"श्वास का धरलात?"

"कुंभक," मी म्हटले.

"कुंभक घरी. पाण्यात श्वास धरला आणि वर आलात तर फुप्फुस फाटतं. इथं एकच नियम: घ्यायचा आणि सोडायचा. धरून ठेवायचा नाय."

या विषयावर आमचा वाद पुढे दोन महिने चालला. अखेरीस ते म्हणाले, "गुरुजी, तुमचं शास्त्र पण बरोबर, माझं पण बरोबर. पण पाणी माझं ऐकतं." तेव्हापासून मी काठावर आणि ते तळाशी, अशी आमची वाटणी झाली.

आता मूळ गोष्टीकडे येतो; आणि तीत दोष माझा आहे हे आधीच सांगतो.

आमच्याकडे मुलीचे लग्न झाले की ती माहेरहून अन्नपूर्णेची मूर्ती घेऊन सासरी येते. लग्नाआधी गौरीहरापाशी बसून तिने ती पूजलेली असते, आणि पुढे जन्मभर ती मूर्ती तिच्या देवघरात तांदळाच्या वाटीत बसते. आमच्या सौभाग्यवतींची अन्नपूर्णा त्यांच्या आजीपासून चालत आलेली. तिच्या हातातील पळीचे टोक तीन पिढ्यांच्या बोटांनी झिजून गेलेले. मुलगी आम्हांस नाही, म्हणून ती नातीच्या गौरीहरात द्यावयाची, हे हिने नात पाळण्यात असतानाच ठरवले होते. आणि त्या वर्षी मार्गशीर्षात नातीचे लग्न ठरले.

त्याच वर्षी भाद्रपदात, गौरीजेवणाच्या दिवशी, हिने अन्नपूर्णेची वाटी गणपतीसमोर ठेवली. ती तेथेच राहिली. पुढील दिवसांत जो जो दर्शनास आला त्याने चिमूटभर अक्षता समोरच्या वाटीत वाहिल्या. देवी आधी कमरेपर्यंत, मग गळ्यापर्यंत, आणि अनंतचतुर्दशीपर्यंत पूर्णपणे तांदळात गेली. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. उत्तरपूजा झाल्यावर मी ती वाटी अक्षतांचीच समजून निर्माल्यात रिकामी केली, माझ्या हिरव्या काठाच्या पंच्यात सारे बांधले, आणि गाठोडे तरंगू नये म्हणून त्यात खाणीचा एक दगडही घातला.

ही म्हणाली होती, "पालिकेनं कृत्रिम तलाव केलाय, निर्माल्याला कलश ठेवलाय, तिकडे द्या." मी म्हणालो होतो की, हौदात विसर्जन हे मला मान्य नाही. त्यावरून दारातच वाद झाला. मी तावातावाने खाणीवर गेलो, मंत्र म्हटला आणि गाठोडे सोडले. आता वाटते, निर्माल्याच्या बाबतीत पालिकेचेच बरोबर होते. घरी येऊन मी वाटी घासून पालथी घालून ठेवली. तेवढेच घरकाम त्या दिवशी माझ्या हातून झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिने ती पालथी वाटी पाहिली. माझ्याकडे पाहिले. काही बोलली नाही.

वाचकांपैकी जे विवाहित आहेत त्यांना या वाक्याचे गांभीर्य कळेल. आमच्या संसारात मला दिवसातून पाच-सहा वेळा रागावले जाते: पंचा ओला ठेवल्याबद्दल, चष्मा शोधल्याबद्दल, तो सापडल्याबद्दल. त्या दिवसापासून ते बंद झाले. मी पंचा मुद्दाम ओला ठेवून पाहिला. तिने तो उचलून वाळत घातला. देवघरात वाटी पुन्हा तांदळाने भरून ठेवली गेली, आणि त्या रिकाम्या तांदळांना ती रोज हळदकुंकू वाही. मी एकदा सुचवले की, नवी मूर्ती आणून विधिपूर्वक प्रतिष्ठा केली तर शास्त्रास ते संमत आहे. ती एवढेच म्हणाली, "शास्त्र तुमचं आहे. मूर्ती माझी होती."

लज्जेने मी दोन आठवडे पाणबुड्यांपाशी गेलो नाही. नवरात्र त्या रिकाम्या वाटीसमोरच बसले. मग न राहवून एका सकाळी गेलो आणि सारे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "टाकलं की हरवलं?"

मला 'हरवलं' म्हणता आले असते. परंतु मी त्या गाठोड्यावर निरोपाचा मंत्र म्हटला होता, संपूर्ण, आणि शुद्ध उच्चारांसह. मी म्हटले, "मंत्र म्हणून सोडले."

"म्हंजे निरोप दिला."

"दिला. मात्र देवी आत आहे हे ठाऊक नव्हते."

"गुरुजी, असं प्रत्येकजण म्हणंल. उद्या कुणी म्हणंल गणपती चुकून सोडला, पाहुणे यायचेत, काढून द्या. आज तुमच्यासाठी मोडला तर माझा नियम काय राहिला? सॉरी. नाय जमणार."

दोन दिवसांनी धीर करून मी हे घरी जसेच्या तसे सांगितले. ती कणीक मळत होती. हात धुतले, पदर खोचला, आणि पायात चपला सरकवून खाणीच्या रस्त्याला लागली. इतक्या वर्षांत ती खाणीवर कधी आलेली नव्हती. मी मागे चाललो होतो.

पाणबुडे पायरीवर बसून नळ्या पुसत होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"सोडली कोणी?"

"गुरुजींनी."

"मूर्ती कोणाची?"

पाणबुड्यांनी माझ्याकडे पाहिले. "घरचा देव ना? म्हंजे गुरुजींचाच."

"अन्नपूर्णा घरची नसते, बायकोची असते. ती माझ्या माहेरची. ह्यांनी तिला निरोप दिला असेल, त्यांना काय अधिकार? मी नाही दिला. मला तर कोणी विचारलंही नाही. आता सांगा, माझ्या बाजूनं टाकलं की हरवलं?"

पाणबुडे उठून उभे राहिले. त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून वर्तुळ केले. मग मला म्हणाले, "काय गुरुजी, ओनर कोण ते आधी सांगायचं ना. दोन दिवस माझी झोप गेली."

शोधास प्रारंभ झाला तो मला पुन्हा गाठोडे फेकावयास लावून. तळाचा गाळ ढवळला गेला की पुढे तासभर हात दिसत नाही, तेव्हा नेमके कोठे शोधावयाचे हे आधी ठरले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. मी तेवढेच, पण बिनकाठाचे चार पंचे आणले, प्रत्येकात तितकाच दगड बांधला, त्याच पायरीवर उभा राहिलो.

"मंत्र म्हणत टाका," ते म्हणाले. "मंत्र म्हणताना तुमचा हात वेगळा चालतो. मी पाहिलंय."

मी मंत्र म्हणून गाठोडे सोडले. ते दहा हातांवर पडले. दुसरे आणि तिसरेही तेथेच. पाणबुड्यांनी त्या जागेवर खुणेचा फुगा सोडला, कमरेला दोर बांधून घेतला आणि त्याचे दुसरे टोक माझ्या हाती दिले. गाळात शोधावयास एकट्याने उतरावयाचे नाही हा त्यांचा दुसरा नियम. जोडीदार नसेल तर काठावर दोर धरणारा हवा. दोरास एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे आणखी सोडा, तीन म्हणजे सापडले, चार म्हणजे ओढून घ्या.

ते खाली गेले आणि दोनच मिनिटांत वर आले. "काय झालं?"

"कोठे काय?"

"चार हिसके मारलेत ना."

पुन्हा गेले, पुन्हा आले. तिसऱ्या वेळी त्यांनी मुखवटा कपाळावर सारला आणि माझ्या हाताकडे निरखून पाहिले. दोर उजव्या हातात होता आणि त्याच हाताने मी माळेचे मणी ओढीत होतो.

"गुरुजी, जप डाव्या हातानं करा."

"डाव्या हाताने जप करीत नाहीत."

"मग दोर डाव्या हातात घ्या."

"देवीच्या कार्याचा दोर डाव्या हातात..."

"द्या इकडे," ही म्हणाली आणि दोर घेऊन मनगटाला दोन वेढे दिले. ती त्यानंतर रोज आली. तीन सकाळी पाणबुडे त्या फुग्याभोवती वर्तुळे घेत बोटांनी गाळ चाचपत राहिले. लाल काठाची गाठोडी सापडली, पिवळ्या काठाचीही. दुसऱ्यांची म्हणून त्यांनी ती न उघडता होती तेथेच ठेवली. हिरव्या काठाचे मिळाले नाही. तिसऱ्या दिवशी वर आले तेव्हा ओठ निळसर झाले होते. दिवाळीनंतर पत्रिका वाटावयाच्या होत्या. त्यांनी पंजा आडवा हलवला.

ही फुग्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "हे त्या दिवशी रागात होते."

"काय?"

"रागात होते. आता पाहा कसे मऊ उभे आहेत. असे फेकले तर दहा हातच जाणार." आणि ती माझ्याकडे वळली. "तरी मी सांगत होते. पालिकेच्या हौदात टाकायला पाहिजे होतं. एवढं स्वच्छ पाणी, नळाचं. भटजी पण ठेवलाय तिथं, माईकवरून मंत्र म्हणतो. तुमच्यापेक्षा बरे म्हणतो, सगळे सांगतात."

मी माझ्या बाजूने एवढेच सांगतो की, हे बोलणे योजनापूर्वक आहे हे मला त्या क्षणी कळले नाही. "माईकवरून?" मी म्हटले, आणि मंत्र म्हणत उरलेले चौथे गाठोडे भिरकावले. ते फुगा ओलांडून, त्याच्याही दुप्पट अंतरावर, मधल्या सखल भागात जाऊन पडले.

"वाट लागली," पाणबुडे म्हणाले. "तीन दिवस मी शांत गुरुजींना शोधत होतो."

चौथ्या सकाळी त्यांनी वजनाचा पट्टा बांधला, हातमोजे चढवले, नळी दातांत धरली, आणि मग ध्यानात आले की मुखवट्याची काच तशीच कोरडी राहिली आहे. तोंडात नळी, आता थुंकणार कसे? त्यांनी मुखवटा माझ्यापुढे धरला. समोर ते पाणी, ज्यात मी अर्घ्य देतो. शेजारी ही, मनगटाला दोर. मी काचेवर थुंकलो. आतून. मग त्यांनी दिलेल्या शिक्षणाप्रमाणे खळखळवून परत दिला. त्यांनी वर्तुळ करून दाखवले आणि ते खाली गेले.

बुडबुडे मध्यभागी गेले आणि तेथे फिरत राहिले. ही दोराकडे पाहत नव्हती. डोळे मिटून नुसती धरून होती. मी जप करीत होतो, दोन्ही हात मोकळे असल्यामुळे निर्वेधपणे. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग तिचे मनगट हलले. एक. मी श्वास धरला. दोन. तीन.

"तीन ना हो?" तिने विचारले. "तुम्ही मोजलेत ना?"

पाणबुडे वर आले ते हिरव्या काठाचे गाठोडे छातीशी धरून. मला राहवले नाही. मी काठावरून अंगठा उंचावला. त्यांनी नळी काढली. "आता आणखी कुठं वर?" ते म्हणाले. माझी गाठ त्यांना सुटली नाही, मलाही सुटली नाही. हिने दातांनी सोडवली. तांदळाचा चिखल झाला होता. त्यांनी त्यात बोटे घातली, मूर्ती काढली, धुतली, आणि माझ्या पसरलेल्या हातांवरून पुढे नेऊन हिच्यासमोर धरली.

"मालकीणबाई, ओळख पटवा."

तिने पळीच्या टोकावरून अंगठा फिरवला. मूर्ती पदरात घेतली. मग ती माझ्याकडे वळली.

"वाटी घासायला तुम्हाला सांगितलं होतं कोणी? एवढा मोतीबिंदू झालाय, ऑपरेशन करा म्हणून दोन वर्षं सांगतेय, ऐकलंत? आणि हा पंचा. चांगला नवा पंचा होता. दगड बांधायला घरात फडकं नव्हतं?"

ती पायऱ्यांवर बोलली, खाणीच्या फाटकापाशी बोलली, रस्त्याने बोलली. मी शेजारून चालत होतो, आणि मागून पाणबुडे पाठीवरच्या टाकीसह ठिबकत येत होते, कारण तिने त्यांना जेवावयास बोलावले होते. अंतर राखून त्यांनी मला हळूच म्हटले, "श्वास सोडा आता, गुरुजी. मघापासून धरलाय."

त्या दिवशी त्यांनी अकरा पुरणपोळ्या खाल्ल्या. देणगी, दक्षिणा यांपैकी काही घेतले नाही. वहीत त्या जागेपुढे काय लिहिलेत, असे मी विचारले, तर वहीच पुढे केली. लिहिले होते: 'गुरुजींचा राग. इथपर्यंत.'

मार्गशीर्षात नात गौरीहरापाशी अन्नपूर्णेस तांदूळ वाहत बसली तेव्हा पाणबुडे मंडपात पहिल्या रांगेत होते, आणि छायाचित्रकाराने अंगठा दाखवताच उठून उभे राहिले होते. पुढे ते गावी गेले. तेथे आता शेततळी झाली आहेत, आणि त्यांपैकी एकात ते गावच्या मुलींना पोहावयास शिकवतात. श्वास धरू नका, असे ओरडताना त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत जातो म्हणे. आज नातीने त्यांना देवघराचे छायाचित्र पाठवले. उत्तर म्हणून अंगठा आणि तर्जनी जुळवलेल्या एका सुरकुतलेल्या हाताचे छायाचित्र आले. डाग घासला गेला नाही.

हे वाचणाऱ्या सज्जनहो, तुमच्या घरातील तांदळाची वाटी कधी रिती न होवो. ज्यांना तुम्ही निरोप दिला ते सुखाने जावोत. ज्यांना दिला नाही ते चिखलातूनही परत येवोत. आणि तुमच्यावर रागावणारे जे कोणी घरात असेल, त्याचा आवाज देवी अन्नपूर्णा दीर्घकाळ खणखणीत ठेवो. शुभं भवतु.